मुखरू ढिवराचा आकडा

पाण्यातून मढं निघालं की जमलेल्यांचा पहिला प्रश्न डॉक्टरला नसायचा, पोलीस जमादारालाही नसायचा. तो मुखरूला असायचा. "मुखरूभाऊ, किती दिसाचं?"

मुखरूला घाई म्हणून नव्हती. आधी तो बिडी विझवायचा, उरलेलं थोटूक कानावर ठेवायचा, मग मढ्याशेजारी उकिडवा बसायचा. मेलेल्याचा हात आपल्या हातात घेऊन तळवा उताणा करायचा, अंगठ्यानं कातडी हळूच सरकवून बघायचा. मग तळपाय. मग उठून धोतराला हात पुसत सांगायचा, "चार दिस. पहाटेचं गेलं पान्यात." संपलं! जमादार लिहून घ्यायचा, बाया रडायला लागायच्या, आणि वैनगंगेच्या दोन्ही काठांवर तो आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ होऊन बसायचा.

पंचेचाळिशीचा हा बारकासा माणूस जातीनं ढिवर, म्हणजे मासेमार, मूळचा कुरखेड्याकडचा, सती नदीच्या काठचा. कागदावर तो तहसिलीच्या गावातल्या सरकारी दवाखान्याचा चौकीदार. खरं काम वेगळंच. दवाखान्यामागे बोरीच्या झाडाखाली एक कौलारू खोली होती, तिला गाव चिरघर म्हणायचं, आणि ते चिरघर मुखरूच्या हाती होतं. डॉक्टर येत, बदलून जात, मुखरू तिथंच. मढं धुवायचं, चिरताना डॉक्टरला हात लावायचा आणि काम झालं की शिवायचं. ह्या शिवण्यावर त्याचा भारी जीव. आधीचा माणूस गोणपाट शिवल्यासारखे चार टाके घालून मोकळा व्हायचा. मुखरू जाळं सांधायची गाठ घालायचा, बारीक, एकीला एक लागून. "घरच्याइले पोत्यावानी मानूस काऊन द्याचा?" असं त्याचं म्हणणं.

ह्या धंद्यात तो पडला तेही ऐकण्यासारखं आहे. एका पावसाळ्यात नदीतून आठ दिवसांचं मढं निघालं आणि चिरघरातला तेव्हाचा माणूस वासानंच पळाला. ते मढं ज्यानं नदीतून काढलं तो मुखरू दारात उभा होता. डॉक्टर म्हणाले, जरा धर. ह्यानं धरलं. तेवढ्या एका धरण्यापायी जातीनं त्याला सात वर्षं वाळीत टाकलं! लग्नाचं बोलावणं नाही, पंगतीला पान नाही. आणि गंमत बघा, ह्याच लोकांच्या घरचं कुणी बुडालं की तेच म्हातारे चिरघराच्या मागून येऊन हात जोडायचे, "मुखरू, तूच शीव बाप्पा, नीट शीव." तो शिवायचा. पुढे जातीनं परत घेतलं, मुखरू विसरलाही. पण त्याची बायको गोकुळा काही विसरली नाही. ती बाजारात मासोळ्या विकायची, आणि वाळीत टाकणाऱ्या पंचांच्या बायका आल्या की नेमकी काट्यांची मासोळी वर काढून ठेवायची.

छप्पन साली दवाखान्यात टेंभेकर नावाचे नवे डॉक्टर आले. जिल्हा तेव्हा नुकताच मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता. कचेऱ्यांच्या पाट्या बदलत होत्या, वैनगंगेला त्याचा पत्ता नव्हता. टेंभेकर तिशीचे, नागपूरच्या कॉलेजात शिकलेले, आणि त्यांना नाद कसला म्हणाल तर मुडद्यांचा. इतर डॉक्टर चिरघरात नाकाला रुमाल लावून दहा मिनिटांत बाहेर पडत. हे तिथं तास तास बसत. त्यांचं म्हणणं एकच होतं. बुडालेलं शरीर किती दिवसांनी वर येतं, त्याची कातडी केव्हा सुटते, हे सगळे आकडे पुस्तकात आहेत, पण ते कलकत्त्याच्या नदीचे नाहीतर विलायतेच्या गार पाण्याचे. आपल्या झाडीपट्टीतल्या तलावांचे, बोड्यांचे म्हणजे लहान तळ्यांचे आकडे कुणी लिहिलेलेच नाहीत. आणि माणूस तर इथं दर पावसाळ्यात बुडतो.

"पुस्तकात नाई त का झालं, साहेब," मुखरू म्हणाला. "आमच्या ढिवराइले ठावं हाये."

"काय ठाऊक आहे?"

"उन्हाळ्यात मढं दुसऱ्या दिशी वर येते. पावसाळ्यात तिसऱ्या. पूस-माघात आठ दिस बी खाते. अन तापानं फनफनलेलं मढं सगळ्याइच्या आधी वर येते."

डॉक्टरांनी त्याच दिवशी जाड पुठ्ठ्याची एक वही काढली. जुने कागद उकरले, मुखरूच्या आठवणी उकरल्या. ज्यांचा बुडण्याचा दिवस घरच्यांना पक्का माहीत होता अशी एकेचाळीस मढी निघाली. त्यांपैकी अडतीस वेळा मुखरूचा आकडा बरोबर, तीन वेळा एका दिवसाची चूक. डॉक्टरांनी वही मिटली. "मुखरू, हे छापून आलं पाहिजे. आणि खाली तुझं नाव घालणार मी."

छापणं म्हणजे काय ते मुखरूला धड कळलं नाही, पण नाव घालणार हे बरोबर कळलं. त्या दिवशी जेवताना त्यानं ते गोकुळाला तीनदा सांगितलं. "आयकलं मी," ती म्हणाली, "भाताले मीठ कमी पडलं का, तेवढं सांगा."

त्याच मार्गशीर्षात धानोऱ्याच्या वाटेवरच्या बोडीटोल्याहून बैलबंडीवर घालून एक मढं आलं. शुक्रवारी सकाळी ते गावतलावात तरंगताना दिसलं होतं. केवळराम मास्तर, तिथल्या शाळेचा गुरुजी. एकटा जीव, गावाच्या टोकाला खोली करून राहायचा. धानकापणीची शाळेला सुट्टी होती, म्हणून मास्तर आपल्या गावी गेला असेल असंच सगळे धरून चालले होते. पोटात, फुप्फुसात तलावाचं पाणी. कपाळावर एक ओरखडा. बुडून मेला हे उघड होतं. घसरला की कुणी ढकलला, हे कोणतं पुस्तक सांगणार?

जमादारानं नेहमीचा प्रश्न विचारला. मुखरूनं नेहमीसारखा मास्तरचा हात उताणा केला, अंगठ्यानं कातडी सारली. ती सरसर सुटून आली. "सहा दिस," तो म्हणाला. "शनवारचं गेलं."

शनिवार म्हटल्याबरोबर जमादाराचे डोळे चमकले. कारण शनिवारच्या बाजारात खुशाल नावाच्या तरण्या शेतकऱ्याचं आणि मास्तरचं कडाक्याचं भांडण झालेलं साऱ्या गावानं पाहिलं होतं. भांडण कशाचं? खुशालचा बैल शाळेच्या आवारात घुसला आणि मास्तरची वांगी खाऊन गेला, मास्तरनं बैलाला दगड मारला. वांग्यापायी एवढं! पण खुशाल तापट. भर बाजारात ओरडला, "मास्तर, तुले तलावात नाई बुडवला त नाव नाई सांगनार!" आणि इतवारी सकाळी हा बहाद्दर गाव सोडून बल्लारपूरला कागदाच्या गिरणीत कामाला गेला. जायचं आधीपासून ठरलं होतं, पण आता कोण ऐकतो? सोमवारपासून रोज गिरणीच्या फाटकावर त्याची हजेरी होती. म्हणजे मास्तर इतवारनंतर बुडाला असता तर खुशालच्या केसालाही धक्का लागला नसता. शनिवारी बुडाला, म्हणजे खुशालनंच बुडवला. सगळा खटला मुखरूच्या एका आकड्यावर उभा राहिला. डॉक्टरांनी वही पाहिली, आपली मान डोलावली आणि अहवालावर सही केली. चवथ्या दिवशी खुशालला बेड्या घालून आणलं.

एक बाई मात्र ह्या आकड्याच्या आड आली होती. मनकर्णा म्हणून बोडीटोल्याची म्हातारी, लाकडाच्या मोळ्या विकून पोट भरणारी. ती जमादाराला म्हणाली, मी सोमवारी सांजच्याला मास्तरले पेज देली, त्याले ताप होता. जमादार पोट धरून हसला. "बुढे, मेलेल्या मानसाले पेज पाजली का तू? डाक्तरचा कागद म्हनते शनवार!" म्हातारी गोंधळली. वार ती बाजारावरून मोजायची. चुकलंही असेल, म्हणून गप्प बसली. हा किस्सा जमादारानं चिरघराच्या पायरीवर बसून रंगवून सांगितला आणि मुखरूही हसला. चांगला खदखदून हसला.

खुशालची आई गुणाबाई तेव्हापासून दर बाजाराला यायची. ती काही विकायची नाही, घ्यायचीही नाही. गोकुळाच्या टोपलीसमोर उभी राहून भडाभडा शिव्या द्यायची. "तुह्या नवऱ्याच्या जिभेले किडे पडोत! माह्या पोराले फासावर चढवून राह्यला." गोकुळा जिभेची तिखट, पण ह्या बाईला तिनं एकदाही उलटून शब्द दिला नाही. घरी येऊन फक्त नवऱ्याला विचारायची, "तुमचा आकडा पक्का हाये ना जी?"

"एकेचाळीस मढे, त्यातले अडतीस बरोबर," मुखरू म्हणायचा. "वहीत लिवलं हाये."

माघ लागला. डॉक्टरांच्या अभ्यासाला आता पालवी फुटली होती. बोकडाचे पाय दगडाला बांधून ते गावतलावात निरनिराळ्या खोलीवर सोडून ठेवायचे आणि दर दोन दिवसांनी काढून बघायचे. गाव हसून बेजार. "डाक्तर तलावात रस्सा शिजवून राह्यला," असं पोरं ओरडायची. एकदा तर सुकलू कोतवालाच्या कुत्र्यानं पाचव्या दिवसाचा पाय पळवला आणि डॉक्टर वही हातात धरून त्याच्यामागे धावले.

तर एका सकाळी एक दोरी शिंगाड्याच्या वेलात गुंतली. मुखरू कमरेइतक्या पाण्यात उतरला, आणि डॉक्टरही पँट दुमडून मागोमाग. दोघंही तासभर पाण्यात हात घालून ते वेल सोडवत होते. बाहेर आल्यावर काठावर बसून डॉक्टर हसत म्हणाले, "हे बघ मुखरू, तासाभरात म्हातारा झालो मी." त्यांनी तळवे पुढे केले. पांढरेफटक, फुगलेले, सुरकुतलेले. बोटांची टोकं तर पाण्यात भिजत घातलेल्या वालासारखी झाली होती.

मुखरूनं ते पाहिलं. मग आपल्या हातांकडे पाहिलं. त्याच पाण्यात, तेवढाच वेळ. त्याचे तळवे जसेच्या तसे, टणक, पिवळट, घट्टे पडलेले. त्यांच्यावर पाण्याची खूणही नव्हती.

त्याच्या डोळ्यांपुढे मास्तरचा हात आला. काय होतं त्या हातात? ना नांगराचा घट्टा, ना वल्ह्याचा, ना कुऱ्हाडीचा. खडू धरणारा हात. मुखरूनं आजवर पाहिलेली मढी कुणाची? ढिवरांची, गुराख्यांची, लाकूडतोड्यांची, धानाची रोवणी करणाऱ्या बायांची. त्या हातांची कातडी सुटायला सहा दिवस लागतात. मास्तरच्या हाताला कशाला लागतील?

"काय रे, काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"काई नाई, साहेब. गारठलो."

खोटं बोलला. आणि ते खोटं पुढे नऊ दिवस चाललं. आता तुम्ही म्हणाल, एवढा सरळ माणूस, लगेच का बोलला नाही? अहो, त्याच्याजवळ होतं काय? जमीन नाही, नाव नाही, जातीत धड जागा नाही. होता तो एक शब्द. जमादार त्याला खुर्ची देत नसे, पण त्याचा आकडा उभा राहून लिहून घेत असे. तो आकडा चुकला म्हटलं की मुखरू म्हणजे परत मढी धुणारा गडी. शिवाय मनाला पळवाट काढायला कितीसा वेळ लागतो? कदाचित खुशालनंच मारलं असेल. कदाचित मास्तरचे हात घट्टही असतील, आपल्याला आठवत नसेल. तो कामावर जायचा, यायचा, जेवताना घास हातात धरून बसायचा. गोकुळानं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही.

नवव्या दिवशी बाजार होता. गोकुळा लवकर परत आली, टोपली तशीच भरलेली.

"मासोळ्या नाई खपल्या?"

"खपल्या असत्या. मले बसवलं नाई." ती उंबऱ्यावर टेकली. "गुणाबाई आली होती. उभी रायली माह्यापुढं. म्या म्हनलं, आता देते शिव्या. पन तिनं तोंडच नाई उघडलं. कपाळ पांढरं. तिचा बुढा मेला, वारलू. दोन दिस झाले. पोरगं तुरुंगात, आग पुतन्यानं देली."

मग मुखरूनं तिला सगळं सांगितलं. डॉक्टरांचे हात, आपले हात, मास्तरचा हात. सांगून झाल्यावर वाटलं, आता ही म्हणेल, हात दाखवून अवलक्षण कशाला करता, गप बसा. कोणत्याही बायकोनं म्हटलं असतं.

गोकुळा म्हणाली, "अन तुमी नऊ दिस जेवले माह्या हातचं?"

तेवढंच. तो तसाच उठला, सदरा अंगात घातला आणि दवाखान्याकडे निघाला.

डॉक्टर आधी चिडले. चांगलेच चिडले. "अरे, पहिल्या कोर्टात माझी साक्ष झालीय! आता चांद्याला मोठ्या कोर्टात मी फिरलो तर सरकारी वकील मला सोलून काढेल. लेख लिहून तयार आहे माझा!" खुर्चीवरून उठले, परत बसले. मग त्यांनी वही ओढली आणि एकेचाळीस नावांवरून बोट फिरवायला लागले. ढिवर. गुराखी. कुणबी. ढिवर. लाकूडतोड्या. कुणबीण. ढिवर. बोट खाली खाली जात होतं आणि त्यांचा आवाज बसत चालला होता. एकेचाळिसात एकही मास्तर नाही, वाणी नाही, कारकून नाही. तो वर्ग आमच्याकडे बुडतच नाही. तो तलावात उतरतच नाही!

"शितावरून भाताची परीक्षा केली आपण," डॉक्टर शेवटी म्हणाले. "पण शीत एका भांड्यातलं, भात दुसऱ्या." मग त्यांनी चष्मा काढून पुसला. "तू फक्त बोललास, मुखरू. सही माझी आहे."

"पन बोललो मी, साहेब. मीबी येतो चांद्याले."

चैत्रात खटला लागला. दोघं नावेनं वैनगंगा ओलांडून व्याहाडला आले, तिथून मोटारीनं चांदा. कोर्टात डॉक्टरांनी सरळ सांगितलं की माझा सहा दिवसांचा अंदाज कष्टकरी माणसांच्या हातांवरून बांधलेला होता. मऊ हाताच्या माणसाला तो लागू नाही. मृत्यू तीन दिवसांपूर्वीचाही असू शकतो, सहाही. मृताची पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली होती, म्हणजे हिवतापाचं शरीर, ते लवकर वर येतं, पण इथं पानथरी जवळजवळ सगळ्यांचीच वाढलेली असते, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. सरकारी वकिलानं त्यांना खरंच सोलून काढलं. डॉक्टर घामाघूम झाले, पण मागे हटले नाहीत.

मग मुखरूला पिंजऱ्यात उभं केलं. जज्जसाहेबांनी विचारलं, "आधी सहा दिवस म्हणालास, ते कशावरून?"

"हातावरून, साहेब. मी जेवढे हात पायले ते सारे कामाचे हात होते. मास्तरचा हात खडूचा. मी माह्याच हातानं सारी दुनिया मोजली."

वकील म्हणाला, "म्हणजे आजवरचे तुझे सगळे आकडे खोटे?"

एकेचाळिसातले अडतीस, हे त्याच्या जिभेवर आलं होतं. त्यानं ते गिळलं. "कोनता खोटा असन ते आता मले सांगता येत नाई, साहेब. हा एक मी चुकलो."

त्यानंतर मनकर्णाला बोलावलं, आणि ह्या खेपेला कुणी हसलं नाही. म्हातारीनं बोटं दुमडून सांगितलं. "शनवारच्या बाजारातून मीठ आनलं. इतवारी मोळी आनाले जंगलात गेली. सोमवारी मास्तरच्या दारावरून येत होती त तो कन्हत होता. ताप होता अंगात. पेज करून देली. मंगळवारी भांडं आनाले गेली त दार उघडं, मास्तर नाई. म्या म्हनलं, गेला असन आपल्या गावाले." तापानं फणफणलेला माणूस पहाटे एकटा तलावाच्या निसरड्या दगडांवर उतरला, आणि मग काय झालं असेल ते सांगायला साक्षीदाराची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी खुशाल सुटला.

कोर्टाबाहेर चिंचेखाली माणसं जमली होती. खुशाल वाळून काटकी झाला होता. भाऊबंद त्याला घेऊन चहाच्या दुकानाकडे गेले. गुणाबाई मागे राहिली. ती सरळ मुखरूसमोर येऊन उभी राहिली. डॉक्टर जवळच होते, ते जरा बाजूला सरकले.

"मुखरू," ती म्हणाली, "तुले हे कधी उमगलं?"

खोटं सहज चाललं असतं. आत्ता, परवा, गेल्या आठवड्यात. कुणी तपासणार नव्हतं. डॉक्टरांनासुद्धा तो नक्की दिवस ठाऊक नव्हता.

"माघात," मुखरू म्हणाला. "तुहा बुढा जायच्या सात दिस आधी. नऊ दिस म्या तोंड नाई उघडलं, बाई."

गुणाबाईनं शिवी दिली नाही. ओरडलीही नाही. तिनं पदर तोंडाशी धरला. मग हळू आवाजात, अगदी घरातलं काही सांगावं तसं म्हणाली, "बुढा मरताना शुद्धीवर होता. मले इचारत होता, 'गुणा, पोरानं केलं असन का वो? डाक्तरचा कागद खोटा कसा असन?' म्या म्हनलं, नाई केलं. त्याले पटलं नाई. पोरगा खुनी हाये असं धरूनच गेला तो. सात दिस, मुखरू. एक निरोप धाडला असता त त्याच्या कानावर पडलं असतं."

मुखरूच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहायला लागलं, आणि ते त्यानं पुसलंही नाही. गुणाबाईनं माफ केलं म्हणावं तर तसं काही नव्हतं. ती म्हणाली, "तुले ठावं असावं म्हनून सांगितलं," आणि पोराच्या मागे निघून गेली.

टेंभेकरांचा लेख तेव्हा छापायला गेला नाही. नवी वही आली, तिच्यात माणसाचा धंदा आणि हात कसे ते लिहायला वेगळी जागा ठेवली गेली, आणि भरायला आणखी वर्षं लागणार होती. मुखरू पुढेही चिरघरातच राहिला. गावानं त्याला खोटारडा ठरवला नाही, पण काळ्या दगडावरची रेघ पुसली ती पुसलीच. तोही बदलला. मढं आलं की तो अजून तसाच उकिडवा बसायचा. पण आधी घरच्यांना विचारायचा, हा मानूस काम काय करत होता, आजारी होता का, तुमी त्याले शेवटी कवा पायलं. कुणी लाकूड विकणारी म्हातारी बोलली तर तिचंही पूर्ण ऐकायचा. आणि मग सांगायचा, "तीन ते सहा दिस."

नवे जमादार ह्यावर फार वैतागायचे. एकानं तर एकदा वही आपटली. "तीन का सहा? एक काय ते सांग ना! मधल्या तीन दिवसांनी काय बिघडते?"

"त्या तीन दिसात कोनाचं तरी पोरगं पिंजऱ्यात उभं रायते, साहेब," मुखरू म्हणाला, "अन कोनाचा तरी बाप मरते." जमादारानं मुकाट्यानं दोन्ही आकडे लिहून घेतले.